इटलींतील विद्यापुनरुज्जीवन : संगीत, शीलशिक्षण व पोथ्यांचा पुरावा

संगीतानें मनुष्याचें शील घडतें, हा सिद्धांत पंधराव्या-सोळाव्या शतकांतील इटलीच्या पंडितांनीं शिक्षणशास्त्रांत आग्रहानें मांडला. त्याचा आधार मुख्यत्वें प्राचीन पोथ्यांचा. आणि त्याच पोथ्यांचें सूक्ष्म परिशीलन होतांच तो आधार किती सावधपणें घ्यावयास हवा होता, हें दिसून आलें. पोथीसंग्राहकांस ही हकीकत उद्बोधक वाटेल, म्हणून ती येथें संक्षेपानें देतों.

मूळ मत ग्रीकांचें. प्लेटोनें 'रिपब्लिक'मध्यें नगररक्षकांच्या शिक्षणासाठीं डोरियन व फ्रिजियन हे दोनच स्वरग्राम राखले. ॲरिस्टॉटलनें 'पॉलिटिक्स'च्या आठव्या खंडांत फ्रिजियनास उन्मादकारक ठरविलें, परंतु डोरियनचें धीरत्व मान्य केलें. लॅटिन पश्चिमेंत हें मत सहाव्या शतकांतील बोएथियसच्या संगीतग्रंथानें जिवंत ठेविलें. इ. स. १४०२ च्या सुमारास व्हेर्जेरिओनें पादुआच्या राजपुत्रासाठीं शिक्षणविषयक प्रबंध लिहिला. गायनवादन न जाणणारा ग्रीकांत सुशिक्षित गणला जात नसे, असें त्यांत सांगितलें आहे. इ. स. १४१६ त पोज्जोस संत गाल येथील मठांत क्विंटिलियनची संपूर्ण प्रत गवसली. तोंपर्यंत हा ग्रंथ बहुधा खंडित प्रतींवरूनच वाचीत. वक्त्यास संगीत कां हवें, याचा ऊहापोह त्याच्या पहिल्या खंडांत आहे.

या विचारास आचाराचें रूप दिलें व्हित्तोरीनो द फेल्त्रे यानें. इ. स. १४२३ त गोन्झागा राजकुलाच्या आश्रयानें त्यानें मांतुआ येथें शाळा उघडली. राजपुत्रांबरोबर निर्धनांचीं मुलेंही तेथें शिकत, व अभ्यासक्रमांत संगीत असे. योहानेस गालिकस या कार्थूझियन यतीनें व्हित्तोरीनोजवळच बोएथियसचें अध्ययन केलें. चर्चमध्यें गायिले जाणारे स्वरग्राम व बोएथियसचे स्वरग्राम नांवानें एक असले तरी वस्तुतः भिन्न, हें गालिकसनें ओळखलें.

हा भेद किरकोळ नव्हे. आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर चर्चच्या डोरियनमधील स्वरांचा क्रम काफी थाटाशीं जुळतो. ग्रीक डोरियन सप्तकाचा भैरवीशीं. प्लेटोनें एकाची स्तुति करावी आणि अनुयायांनीं दुसरा आळवावा, असा प्रकार दीर्घकाल चालला. इ. स. १५२८ त प्रसिद्ध झालेल्या कास्तिल्योनेच्या दरबारी पुरुषाविषयींच्या ग्रंथांत संगीत पुरुषास शोभत नाहीं असा आक्षेप निघतो, व त्यास प्राचीनांचीं प्रमाणें देऊन उत्तर मिळतें. पण त्या प्रमाणांतील संगीत कोणतें, हा प्रश्न तेथें उपस्थित होत नाहीं.

तो प्रश्न जिरोलामो मेई यानें धसास लाविला. रोमांत ग्रीक ग्रंथांचें परिशीलन करून त्यानें फ्लोरेन्सच्या व्हिन्चेन्त्सो गालिलेईस (ज्योतिर्विद गालिलेओच्या पित्यास) इ. स. १५७२ पासून पत्रें लिहिलीं. ग्रीक गायनांत चाल एकच असून ती शब्दांस अनुसरे. अनेकांनीं भिन्न सुरावटी एकदम गाण्याच्या तत्कालीन पद्धतींत तो परिणाम शोधणें व्यर्थ, असें त्याचें मत. गालिलेईनें तें इ. स. १५८१ च्या आपल्या संवादग्रंथांत मांडलें, आणि मेसोमेडीसचीं स्तोत्रें मूळ ग्रीक स्वरचिन्हांसह प्रथमच छापिलीं.

तात्पर्य, संगीत शीलास उपकारक आहे कीं नाहीं, याचा निर्णय पोथी देऊं शकत नाहीं. प्राचीनांनीं कोणत्या संगीतास उपकारक म्हटलें, एवढेंच ती सांगते. आणि तेंही नांव व वस्तु यांचें ऐक्य पारखल्यानंतरच. मेईच्या पारखेनें जुना सिद्धांत नष्ट झाला नाहीं; उलट तींतून एककंठी भावगायनास बळ मिळालें, व इ. स. १६०० च्या सुमारास फ्लोरेन्स येथें संगीतनाट्य उदयास आलें. चिकित्सेनें परंपरा मरते असें म्हणणारांस हें उदाहरण पुरेसें आहे.