दैवी प्रकटीकरणाचा दावा आणि धर्मसत्ता : अ‍ॅन हचिन्सन खटल्याच्या (१६३७) संदर्भात

परमेश्वर आपल्याशी प्रत्यक्ष बोलतो, हा दावा ख्रिस्ती परंपरेत जुनाच आहे. दुसऱ्या शतकात फ्रिजियातील मोंतानुस आणि त्याच्या अनुयायी प्रिस्का व माक्सिमिला यांनी तो केला आणि चर्चने तो फेटाळला. कॅथलिक परंपरेने पुढे अशा अनुभवांना 'खासगी प्रकटीकरण' मानून त्यांच्या चौकशीची पद्धत घडविली. प्रॉटेस्टंट पंथांपुढील पेच अधिक अवघड होता. पोपचा अधिकार नाकारून त्यांनी पवित्र शास्त्र सामान्य वाचकाच्या हाती दिले. मग त्या वाचकाच्या अंतःकरणातील वाणी ईश्वराची की भ्रमाची, हे ठरवावयाचे कोणी? या पेचाचा विचार प्रस्तुत लेखात मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील एका खटल्याच्या आधारे केला आहे.

अ‍ॅन हचिन्सन (जन्म १५९१) या लिंकनशायरमधील एका धर्मोपदेशकाच्या कन्या. जॉन कॉटन या उपदेशकाच्या पाठोपाठ १६३४ मध्ये त्या सहकुटुंब बोस्टनला आल्या. घरी स्त्रियांना जमवून त्या रविवारच्या प्रवचनांवर चर्चा करीत; हळूहळू पुरुषही येऊ लागले, त्यांत गव्हर्नर हेन्री व्हेनही होते. कॉटन वगळता बहुतेक पाळक 'कृपेचा करार' सोडून 'कर्माचा करार' शिकवितात, असे त्यांचे मत असल्याचा बोभाटा झाला. वसाहतीत पाळकांवरील टीका ही राज्यव्यवस्थेवरील टीका ठरे.

नोव्हेंबर १६३७ मध्ये न्यूटाउन येथे गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप यांच्या अध्यक्षतेखाली खटला उभा राहिला. आरोप मुळातच डळमळीत होते. स्त्रीने शिकवू नये, या आक्षेपाला बाईंनी तीताला लिहिलेल्या पत्राचा आधार दाखविला; त्यात वडीलधाऱ्या स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावे असेच सांगितले आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाळकांनी शपथेवर साक्ष द्यावी अशी मागणी केली. खुद्द कॉटन यांनीही फिर्यादी पक्षास हवी तशी साक्ष दिली नाही. खटला ढासळण्याच्या बेतात असताना हचिन्सनबाईंनी आपण होऊन सांगितले, की खरा उपदेशक कोणता हे आत्म्याने आपणास कळविले आहे. ती वाणी ईश्वराची हे कशावरून, असे विचारता त्यांनी प्रतिप्रश्न केला : पुत्राचा बळी देण्याची आज्ञा ईश्वराचीच आहे, हे अब्राहामाने कसे ओळखले? ती आज्ञा तर नरहत्येच्या निषेधाविरुद्ध होती. आपला छळ केल्यास न्यायालयावर व त्याच्या वंशजांवर अरिष्ट ओढवेल, असा इशाराही त्यांनी दिला. न्यायाधीशांना हवे होते ते आयतेच मिळाले. हद्दपारीची शिक्षा झाली; मार्च १६३८ मध्ये बोस्टनच्या मंडळीने त्यांना बहिष्कृतही केले.

विन्थ्रॉप यांना केवळ जुलमी ठरविणे सोपे, पण अपुरे आहे. १५३४-३५ मध्ये म्युन्स्टर शहरात स्वयंघोषित संदेष्ट्यांनी मांडलेला रक्तरंजित खेळ युरोप विसरला नव्हता. हचिन्सन पक्षातील पाऊणशे पुरुषांची शस्त्रे काढून घेताना जर्मनीतील त्या पूर्वानुभवाचाच दाखला देण्यात आला. ईश्वराज्ञेचा दावा करणाऱ्यास कायदा बांधू शकत नाही, ही भीती निराधार नव्हती.

तथापि, याच मंडळींची एक विसंगती नजरेआड करता येत नाही. बाईंच्या १६३८ मधील विकृत गर्भपाताला आणि १६४३ मध्ये न्यू नेदरलँडमध्ये स्थानिक आदिवासींच्या हल्ल्यात झालेल्या त्यांच्या मृत्यूला त्यांच्या विरोधकांनी ईश्वराचा निवाडा म्हटले. ईश्वर थेट बोलत नाही म्हणणारेच घटनांमधून त्याचा संदेश वाचत होते! फरक एवढाच, की हा संदेश वाचण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता.

या परंपरेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. १८१३ मध्ये मुंबईत कार्य सुरू करणारे अमेरिकन मराठी मिशन मॅसॅच्युसेट्समधील प्युरिटनांच्या वारसदार मंडळींनी पाठविले होते. याच मिशनमध्ये अनेक वर्षे काम केलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशन सोडून 'देवाचा दरबार' उभारला. त्यांना कोणी हद्दपार केले नाही.

१९२२ मध्ये बोस्टनच्या राज्यभवनासमोर हचिन्सनबाईंचा पुतळा उभारण्यात आला. त्यांच्या हद्दपारीचा हुकूम मात्र गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी १९८७ मध्ये, साडेतीनशे वर्षांनी, रद्द केला.