सल्लागार कोणाचा?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एकच प्रश्न कानांवर पडतो : "पोराला आता कोठे घालणार?" पूर्वी ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आईबाप शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जात, धर्मगुरूंना विचारीत, नाही तर मुंबईत नोकरीला असलेल्या मामाचा शब्द प्रमाण मानीत. त्या सल्ल्याला फी नव्हती, आणि सल्ला चुकलाच तर तो देणारा माणूस गावातच भेटत असे. आज सल्ला देणारा बहुधा अनोळखी असतो. तो कार्यालय थाटून बसलेला असतो, भिंतीवर परदेशी विद्यापीठांची चित्रे लावतो आणि पहिल्याच भेटीत फीचा आकडा सांगतो. घरातील सोने गहाण ठेवून मुलांना परदेशी धाडणारी कुटुंबे आपल्यांतही आहेत. तेव्हा हा सल्लागार निवडावा कसा, हा प्रश्न आता श्रीमंतांपुरता राहिलेला नाही.

आम्हांला वाटते, त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी ह्या व्यवसायाचा इतिहास थोडा चाळून पाहावा. हायस्कूलमधील मुलाला पुढचा मार्ग दाखविणारा स्वतंत्र सल्लागार ही संस्था मुख्यतः अमेरिकेत वाढली. तिचे गुण आणि दोष, दोन्ही तेथे ठळकपणे दिसले. विशेष म्हणजे, ह्या इतिहासातील सर्वांत उजळ पान आणि सर्वांत काळे पान, दोन्ही बोस्टन ह्या एकाच शहरात लिहिली गेली.

उजळ पानावर नाव आहे ते फ्रँक पार्सन्स ह्यांचे. पार्सन्स ह्यांचा जन्म १८५४ सालचा. कॉर्नेल विद्यापीठातून ते १८७३ मध्ये इंजिनियर होऊन बाहेर पडले. पण त्याच वर्षी आलेल्या आर्थिक अरिष्टात त्यांची रेल्वे कंपनी बुडाली. पुढे त्यांनी लोखंडाच्या कारखान्यात मजुरी केली, शाळेत शिकविले, वकिलीची परीक्षा दिली, कायद्याचे अध्यापन केले, ग्रंथ लिहिले. आपण नेमके कशासाठी जन्मलो, हे शोधण्यात ज्याचे अर्धे आयुष्य गेले, त्याला इतरांच्या मुलांचा कळवळा यावा, ह्यात नवल नाही.

बोस्टनच्या नॉर्थ एंड भागात तेव्हा इटलीहून आणि पूर्व युरोपातून आलेल्या गरीब कुटुंबांची दाट वस्ती होती. मुले लवकर शाळा सोडीत आणि मिळेल त्या कामाला लागत. ह्या वस्तीतील सिव्हिक सर्व्हिस हाऊस ह्या सेवाकेंद्रात १३ जानेवारी १९०८ रोजी पार्सन्स ह्यांनी व्होकेशन ब्यूरो उघडला. खर्चाचा भार पॉलीन अगासिझ शॉ ह्या दानशूर बाईंनी उचलला. येणाऱ्या तरुणाला पार्सन्स शंभराहून अधिक प्रश्नांची यादी देत आणि ती त्याने एकट्याने, शांतपणे विचार करून भरावी, असे सांगत. त्यांची रीत तीन पायऱ्यांची होती. प्रथम स्वतःला ओळखावे. मग निरनिराळ्या कामांच्या अटी, फायदे आणि खाचखळगे जाणून घ्यावेत. आणि शेवटी ह्या दोहोंचा मेळ स्वतःच्या बुद्धीने घालावा. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ते डोक्याच्या ठेवणीवरूनही काही अनुमाने काढीत, आणि ती अर्थातच चुकीची होती. पण त्यांचे मूळ तत्त्व आजही टिकून आहे. एकाने दुसऱ्यासाठी आयुष्याची निवड करू नये. सल्लागाराने प्रकाश धरावा, पाऊल मात्र ज्याचे त्यानेच टाकावे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पार्सन्स निवर्तले. त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

पार्सन्स ह्यांनी निवडलेला 'व्होकेशन' हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. आपण त्याला पाचारण म्हणतो. पाचारण ओळखण्यास मदत करणाऱ्याने कसे वागावे, हे संत इग्नेशियस लोयोला ह्यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' ह्या ग्रंथात फार पूर्वीच सांगून ठेवले होते. ह्या ग्रंथाला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल ह्यांची मान्यता मिळाली. साधना देणाऱ्याने साधकाला कोणत्याही एका जीवनमार्गाकडे ढकलू नये, तराजूच्या काट्यासारखे मधोमध राहावे, असा त्यातील उपदेशाचा भावार्थ आहे. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत आणि विसाव्या शतकातील अमेरिकन समाजसुधारक, ह्या दोघांनी एकमेकांपासून इतक्या दूर राहून सल्लागाराला तीच मर्यादा घालून दिली, ही गोष्ट आम्हांला लक्षणीय वाटते.

पार्सन्स ह्यांचा सल्ला प्रामुख्याने कामधंद्याविषयी होता. कॉलेज प्रवेशासाठी वेगळा सल्लागार का लागावा, ह्याचे कारण पुढच्या दोन दशकांत सापडते. सुरुवातीला नामांकित कॉलेजांची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाली, की काम होत असे. पण १९२० च्या सुमारास हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ह्या संस्थांत गुणांच्या बळावर येणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली, आणि ती तेथील प्रतिष्ठितांच्या डोळ्यांत सलू लागली. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल ह्यांनी १९२२ मध्ये त्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याची सूचना उघडपणे मांडली. तिच्यावर गदारोळ उठला. पण जे उघडपणे जमले नाही, ते आडमार्गाने साधले गेले. अर्जात 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व', खेळांतील प्रावीण्य, शिफारसपत्रे आणि छायाचित्र ह्यांना महत्त्व आले. आज अमेरिकेतील मोठ्या कॉलेजांत अर्ज करणाऱ्या मुलाला निबंध, शिफारशी आणि शाळेबाहेरील उपक्रम ह्यांची जी जंत्री जुळवावी लागते, तिचे एक मूळ असे भेदभावात आहे. वाट मुद्दाम वाकडी केली गेली, आणि मग वाटाड्याची गरज भासू लागली.

श्रीमंतांच्या खाजगी शाळांत हे वाटाडेपण हेडमास्तरच करीत. त्यांच्या चिठ्ठीला कॉलेजात वजन असे. सरकारी शाळेतील मुलाला असे कोणी नव्हते. त्याला सल्लागार मिळाला तो एका उपग्रहामुळे. सोव्हिएत रशियाने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक सोडला आणि आपण विज्ञानात मागे पडलो, ह्या भयाने अमेरिका हादरली. २ सप्टेंबर १९५८ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर ह्यांनी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यावर सही केली. ह्या कायद्याने हायस्कूलमधील चाचण्या, मार्गदर्शन आणि सल्लागारांचे प्रशिक्षण ह्यांसाठी पैसा पुरविला. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, जेम्स कोनंट ह्यांनी अमेरिकेच्या हायस्कूलांवरील आपल्या अहवालात अडीचशे ते तीनशे विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ सल्लागार असावा, अशी शिफारस केली.

हे सारे चांगलेच झाले. पण ह्या सल्लागाराचा खरा धनी कोण होता? कायद्याच्या नावातच 'संरक्षण' हा शब्द होता. राष्ट्राला शास्त्रज्ञ आणि इंजिनियर हवे होते, आणि हुशार मूल हेरून त्याला त्या वाटेला लावणे, हे सल्लागाराचे काम ठरले. ज्यांच्यात चमक दिसली नाही, त्यांना दुसऱ्या रांगेत उभे करणे ओघानेच आले.

अशा रांगेचा अनुभव मिशेल ओबामा ह्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. त्या शिकागोच्या एका सरकारी हायस्कूलात शिकत होत्या. प्रिन्स्टनला जाण्याची इच्छा त्यांनी शाळेच्या सल्लागारबाईंना सांगितली. थोडा वेळ कागद चाळून त्या बाईंनी सुचविले, की तू प्रिन्स्टनच्या तोलाची दिसत नाहीस. मुलीने ते निमूटपणे मान्य केले नाही. तिला चांगले ओळखणाऱ्या, शेजारी राहणाऱ्या आपल्या उपमुख्याध्यापकांकडून तिने शिफारसपत्र घेतले, अर्ज केला, तिला प्रवेश मिळाला आणि १९८५ मध्ये ती प्रिन्स्टनची पदवीधर झाली. पुढे व्हाईट हाऊसमध्ये असताना ह्याच बाईंनी शालेय सल्लागारांचा गौरव सुरू केला, हे त्यांच्या मनाचे मोठेपण.

त्या सल्लागारबाई दुष्ट होत्या, असे आम्ही म्हणणार नाही. तेथील शालेय समुपदेशकांच्या संघटनेच्या मते एका समुपदेशकाकडे अडीचशेच विद्यार्थी असावेत; पण २०२२-२३ मध्येही देशाची सरासरी सुमारे ३८५ होती. ज्याच्यासमोर चारशे मुलांची रांग उभी आहे, तो चेहरा पाहणार कधी? तो कागदच पाहतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी खाजगी सल्लागार पुढे आले. १९७६ मध्ये त्यांची एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. प्रवेशाची हमी द्यावयाची नाही, विद्यार्थ्याला एखाद्या कॉलेजात पाठविल्याबद्दल त्या कॉलेजाकडून मोबदला घ्यावयाचा नाही, असे नियम तिने आपल्या सभासदांना घालून दिले. ह्या नियमांचे मोल किती, ते १२ मार्च २०१९ रोजी कळले.

हेच ते काळे पान. त्या दिवशी बोस्टनमधील सरकारी वकिलांनी पन्नास जणांवर आरोप ठेवल्याचे जाहीर केले. मध्यभागी होता विल्यम रिक सिंगर हा खाजगी कॉलेज-सल्लागार. श्रीमंत पालकांकडून २०११ ते २०१८ ह्या काळात त्याने अडीच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उकळली होती. काही मुलांच्या परीक्षेतील उत्तरे दुसऱ्यानेच दुरुस्त केली. काही मुलांची छायाचित्रे खेळाडूंच्या शरीरांवर चिकटविली गेली, आणि खेळ-प्रशिक्षकांना लाच देऊन त्यांना खेळाडू म्हणून प्रवेश मिळवून दिला गेला. लाचेची रक्कम धर्मादाय देणगी म्हणून दाखविली जाई. जानेवारी २०२३ मध्ये सिंगरला साडेतीन वर्षांची कैद झाली. ह्यातील आम्हांला सर्वांत झोंबलेली गोष्ट पैशांची नव्हे. अनेक मुलांना आपल्या आईबापांनी काय केले, ह्याचा पत्ताच नव्हता. तुझ्या स्वतःच्या बळावर तुला काही जमणार नाही, हा आईबापांचा निकाल त्यांनी वर्तमानपत्रांत वाचला. पार्सन्स ज्या शहरात मुलाला स्वतःची ओळख करून देत होते, त्याच शहरात, एकशे अकरा वर्षांनंतर, ओळखच बनावट करून विकल्याचा खटला उभा राहिला.

आपल्याकडेही ह्या विचाराला काही परंपरा आहे. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने आणि १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळांतील मार्गदर्शनावर भर दिला. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणीही घेतली गेली. तरीही बहुतेक शाळांत ह्या कामासाठी पूर्णवेळ माणूस नाही, आणि ती रिकामी जागा परदेशी शिक्षणाचे एजंट भरून काढतात.

येथे एक बारकावा पालकांनी ध्यानात ठेवावा. अमेरिकेत देशातील विद्यार्थी गोळा करण्यासाठी डोईप्रमाणे कमिशन देण्यास, सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना १९९२ च्या कायदा-दुरुस्तीने मनाई आहे. पण परदेशांत राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांपुरती त्यातून सूट ठेवली आहे. तेथील प्रवेश-सल्लागारांच्या मोठ्या राष्ट्रीय संघटनेनेही २०१३ मध्ये अशा कमिशनवरील आपली बंदी उठविली. म्हणजे जे तेथील मुलांच्या बाबतीत निषिद्ध, ते आपल्या मुलांच्या बाबतीत चालते. आपल्या समोर बसलेला गृहस्थ 'सल्ला फुकट आहे' म्हणतो, तेव्हा त्याचा पगार बहुधा दुसरीकडून येत असतो. २०२३ मध्ये पंजाबातून कॅनडाला गेलेल्या कित्येक विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रेच बनावट निघाली. ती त्यांना एजंटाने दिली होती. शिक्षण झाल्यावर, नोकरी लागल्यावर त्यांच्यावर देश सोडण्याची वेळ आली.

म्हणून सल्लागाराच्या दारात पाऊल टाकण्यापूर्वी काही प्रश्न खिशात असू द्यावेत. तुमची फी कोण देतो, आम्ही की कॉलेज? तुम्ही प्रवेशाची हमी देता काय? हमी देणाऱ्याच्या दारातून तसेच परत फिरावे. निबंध मुलगी लिहिणार की तुम्ही? तुम्ही नावे सुचविलेल्या कॉलेजांपैकी किती कॉलेजांशी तुमचा करार आहे? आमच्या ऐपतीत बसणारे, जवळचे, कमी गाजलेले कॉलेज तुम्ही कधी कोणाला सुचविले आहे काय? आणि प्रवेशपत्र हाती आले, की ते खरे आहे ना, हे थेट कॉलेजाला लिहून विचारावे. ह्यात संकोच कसला? जमीन घेताना आपण सात-बारा पाहतोच ना?

आणखी एक गोष्ट पाहावी. पहिल्या भेटीत तो कोणाशी बोलतो? आईबापांशी बोलत राहिला आणि मुलाकडे त्याने मान वळविली नाही, तर त्याला गिऱ्हाईक हवे आहे. मुलाला त्याने प्रश्न विचारले, उत्तरासाठी थांबला, आणि 'हे मला ठाऊक नाही, चौकशी करून सांगतो' असे म्हणण्याची त्याला लाज वाटली नाही, तर पुढे बोलण्यास हरकत नाही.

हे सारे करावेच. पण त्याआधी एक काम घरचे आहे. पार्सन्स मुलांना जी प्रश्नावली देत, तिच्यासारखे चार प्रश्न आपणच आपल्या मुलांना कधी विचारले आहेत काय? तुला कशात वेळेचे भान राहत नाही? कशाची भीती वाटते? आम्ही घातलेल्या वाटेवरून तू जाशील, पण तुला जावेसे वाटते काय? एखाद्या संध्याकाळी, रोझरी झाल्यावर, टीव्ही बंद ठेवून घरातील सर्वांनी एवढे बोलून घ्यावे. उत्तर पटकन येणार नाही. आले नाही तरी चालेल. आपण ऐकावयास बसलो होतो, हे मुलाच्या ध्यानात राहील. मग सल्लागाराकडे जावे, आणि जाताना मुलाला पुढे चालू द्यावे.