सहा मित्र, सहा सायकली आणि युरोपकडे जाणारी जमिनीची वाट

१५ ऑक्टोबर १९२३. मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलींवर स्वार होऊन जगप्रदक्षिणेस निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमान कापडिया. सारे विशीतले, सारे बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सभासद. या सहांपैकी प्रदक्षिणा पुरी करून मुंबईस परतले ते तिघे. (धागा)

या बेताचे बीज १९२० मध्ये पडले. युरोपातून पायी चालत भारतात आलेल्या एका फ्रेंच गृहस्थाचे व्याख्यान मुंबईच्या ओव्हल मैदानावर झाले. युरोपातून माणूस चालत इथवर येऊ शकतो, तर इथून सायकलवर तिकडे का जाता येऊ नये, हा प्रश्न त्यातून सहज उभा राहणारा होता. व्याख्यान ऐकून भारावणारे पुष्कळ असतात. तीन वर्षांनंतरही तो बेत न सोडणारे थोडे.

त्या काळी मुंबईकराला युरोप गाठायचा तर बॅलार्ड पिअरवरून आगबोट धरावी, सुएझमार्गे दोन-तीन आठवड्यांत फ्रान्सचा किंवा इंग्लंडचा किनारा गाठावा, हा रूढ मार्ग. सायकली बोटीत चढवून थेट मार्सेयला उतरणे या सहांनाही अशक्य नव्हते. त्यांनी तसे केले नाही. त्यांचा युरोपचा रस्ता मुंबईच्या उंबरठ्यापासून सुरू होत होता: पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक, सीरिया आणि मग भूमध्य समुद्र.

नकाशावर ही वाट सरळ दिसते. पण १९२३ च्या शरदात तो नकाशाच ओला होता. पहिल्या महायुद्धात उस्मानी साम्राज्य कोसळले होते. इराक ब्रिटिशांच्या आणि सीरिया फ्रेंचांच्या अधिदेशाखाली गेला होता. म्हणजे बगदादहून अलेप्पोला जाणाऱ्या प्रवाशाला एका साम्राज्याच्या अमलातून दुसऱ्याच्या अमलात शिरावे लागे. लोझानचा तह जुलैमध्ये झाला होता. हे सहाजण मुंबईहून निघून दोन आठवडे होतात न होतात तोच तिकडे तुर्की प्रजासत्ताक घोषित झाले आणि इराणात रझाखान पंतप्रधान झाला. पुढे गाठायच्या युरोपात इटलीत मुसोलिनी सत्तेवर होता, आणि जर्मनीत नोटांना रद्दीचा भाव आला होता.

कागदपत्रांची कटकटही नवीच होती. युद्धापूर्वी युरोपातील बहुतेक सीमा पासपोर्टावाचून ओलांडता येत. युद्धाने ती मोकळीक संपवली. भारतात पासपोर्टाचा कायदा आला तो १९२० मध्ये, म्हणजे ओव्हलवरील त्या व्याख्यानाच्याच वर्षी. मित्रांनी मिळून लांबच्या सफरीचा बेत आखताना आज जी व्हिसाची धास्ती वाटते, तिचा जन्म याच काळातला.

बेताच्या मानाने वाटचाल लवकरच कठीण झाली. बलुचिस्तानात झियारतच्या डोंगरांत गुडघाभर बर्फ तुडवावा लागला. तेहरानला पोचल्यावर कापडियांनी वैयक्तिक कारणास्तव मोहीम सोडली. सहांचे पाच झाले.

मग आला बगदाद ते अलेप्पो हा टप्पा. गंमत अशी की, दमास्कस-बगदाद वाळवंटातून टपाल आणि प्रवासी नेणारी नेर्न बंधूंची मोटारसेवा नेमकी १९२३ च्या ऑक्टोबरातच सुरू झाली होती. पैसे मोजून वाळवंट मोटारीने पार करण्याचा पर्याय जगाला नुकताच लाभला होता. या पाचांनी मात्र ९५६ किलोमीटर सायकलवर कापायचे ठरवले. वाळूची वादळे, पाण्याची टंचाई, आणि त्यांच्याच नोंदीनुसार ५७ अंशांपर्यंत चढलेला पारा. तेवीस दिवस लागले. दिवसाला सरासरी साडेएकेचाळीस किलोमीटर पडतात. सडकेवर हा आकडा किरकोळ वाटेल. वाळूत सायकल चालवण्यापेक्षा ती ओढावीच अधिक लागते, हे ज्याने एकदा चौपाटीवर करून पाहिले असेल त्याला तो किरकोळ वाटणार नाही.

त्यानंतर समुद्र ओलांडून इटली. आल्प्समध्ये ते ६,६०० फुटांपर्यंत चढले आणि युरोप आडवा कापत ब्रिटनला पोचले. वजने उचलून कमावलेल्या पायांचा उपयोग कुठे झाला असेल तर तो या चढांवर. एरवी युरोपचा टप्पा हा साऱ्या प्रवासातला त्यातल्या त्यात सुखाचा म्हणावा लागेल. रस्ते बांधलेले, गावे जवळजवळ, आणि सायकल ही तिथली रोजचीच वस्तू. भारतात तेव्हा सायकली बहुतांशी बाहेरून येत. युरोपात त्या घरच्याच होत्या.

अटलांटिकपलीकडे मंडळी पुन्हा विखुरली. पोचखानावालांनी मायदेशी परतण्याचा निर्णय घेतला. हाथीरामांनी अमेरिकेतच घर करायचे ठरवले. हा प्रसंग अपयशाचा म्हणून सांगण्याची रीत आहे, पण ती न्याय्य नाही. इतकी वर्षे एकाच वाटेने चालताना माणसांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि जगप्रदक्षिणेच्या ऐन मध्यावर एखाद्याला राहावेसे वाटणारे गाव सापडले तर तेही प्रवासाचेच फळ आहे.

उरलेल्या तिघांनी, हकीम, बापासोला आणि भूमगरा यांनी, सुमारे पाच महिन्यांत ८,४०० किलोमीटर तुडवत अमेरिकेचा दुसरा किनारा गाठला. तिथून जपान, कोरिया, चीन, मग व्हिएतनाम, कंबोडिया, सयाम, ब्रह्मदेश आणि ईशान्य भारत. १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईत होते. चार वर्षे पाच महिने, सुमारे ७१ हजार किलोमीटर.

१९३१ मध्ये तिघांनी मिळून आपल्या प्रवासाचे इंग्रजी पुस्तक काढले. त्याला प्रस्तावना लिहिली जवाहरलाल नेहरूंनी.

हे तिघे अजून वाटेत असतानाच, १९२४ मध्ये, मुंबईहून फ्रामरोझ दावर हा आणखी एक पारशी क्रीडापत्रकार सायकलवर निघाला होता, तोही एकटाच. सोबती त्याला व्हिएन्नात भेटला, गुस्ताव स्टाव्यानिक नावाचा ऑस्ट्रियन. पुढची सात वर्षे ते दोघे बरोबर फिरले.