एमएस, गणपतीपुळ्याची रांग आणि न मोजलेला रक्तदाब

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे एमएसच्या रुग्णाची स्वायत्त मज्जासंस्था (रक्तदाब, नाडी, घाम, मूत्राशय सांभाळणारी) वेगळी तपासण्याची गरज नाही, हे मत आपल्याकडे चांगलं मुरलेलं आहे. त्याचा पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. निदान मुख्यतः एमआरआयवर होतं. निदानासाठीच्या मॅक्डोनल्ड निकषांत स्वायत्त मज्जासंस्थेच्या चाचण्यांना जागा नाही. चाचणी बिघडलेली निघाली तरी मूळ आजारावरचं औषध सहसा बदलत नाही. शिवाय रुग्णाची तक्रार आणि चाचणीचे आकडे यांचा मेळ दरवेळी बसतोच असं नाही. मग रुग्णाला आणखी एक खर्च आणि आणखी एक खेप कशाला?

यातलं एकेक विधान खरं आहे आणि तरीही निष्कर्ष चुकीचा आहे. हा सगळा युक्तिवाद ‘आजार एमएसच आहे का’ एवढ्याच प्रश्नाचा विचार करतो. ज्याला आजार आहे तो मात्र विचारत असतो, की उभं राहिलं की माझ्या डोळ्यांपुढे अंधारी का येते?

गणपतीपुळ्याला अंगारकीच्या दिवशी दर्शनाच्या रांगेत एमएस असलेली एखादी बाई उभी आहे असं समजा. पोटात उपास, हवा दमट, आणि पुढे डोंगराभोवतीची साधारण किलोमीटरभराची प्रदक्षिणा. तिला भोवळ आली की रांगेतले म्हणणार, पित्त झालं. घरचे म्हणणार, उपास झेपला नाही. दवाखान्यात बहुधा तिला आडवं करून रक्तदाब घेतला जाणार आणि तो ठीक निघणार, कारण बिघाड दिसतो तो उभं राहिल्यावर. आपण उठतो तेव्हा रक्त पायांकडे उतरतं. ते मेंदूपर्यंत पोचत राहावं म्हणून रक्तवाहिन्या आवळण्याचा आदेश मेंदूच्या देठातून मज्जारज्जूमार्गे खाली जातो. या वाटेवर मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजलेलं असेल तर आदेश अडखळतो.

हे शोधायला लागतं काय? रक्तदाबाचं साधं यंत्र, एक खाट आणि थोडा वेळ. आडवं असताना मोजायचं, मग उभं करून पहिल्या तीन मिनिटांत पुन्हा मोजायचं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, की ‘अशक्तपणा’ या शब्दाआड लपायची सोय उरत नाही. रक्तदाब टिकला, पण दहा मिनिटांत नाडी मिनिटाला ३० ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर बिघाड दुसऱ्या जातीचा. मिनिटाला सहा या गतीने खोल श्वास घ्यायला लावून ईसीजीवर ठोक्यांतला चढउतार पाहता येतो. पाऱ्याचा स्तंभ ४० मिलिमीटरवर १५ सेकंद फुंकून धरायची वल्साल्वा चाचणी आहे. एडिंबराच्या युइंग आणि क्लार्क यांनी मधुमेहींसाठी रूढ केलेल्या संचातल्याच या चाचण्या. वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीरक्रियाशास्त्र विभागांना त्या परक्या नाहीत. रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, डेरवणला त्याआधीपासून आहे. ‘हे मुंबईचं काम’ हा आक्षेप त्यामुळे मला मान्य नाही.

आकडे आणि तक्रार जुळत नाहीत, हा आक्षेप वजनदार आहे. वयाने, अंथरुणाला खिळल्याने, औषधांनीही हे आकडे बदलतात. पण त्यातून निघतं ते एवढंच, की एका आकड्यावर निकाल देऊ नये. तक्रार नसताना उतरणारा रक्तदाब तर मुद्दाम मोजल्याशिवाय कळणारच नाही.

कोकणात उष्णतेचा मुद्दा सर्वांत निकडीचा. व्यायामानंतर रुग्णांची दृष्टी मंदावते, हे जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवलं. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी मायलिन झिजलेल्या तंतूतून संदेश अडू शकतो. शरीर थंड ठेवायचं काम घामाचं. एमएसमध्ये घर्मग्रंथी शाबूत असतात, पण काही रुग्णांत त्यांना वरून येणारा आदेशच कमी पडतो. त्यात किनाऱ्यावरच्या दमट हवेत आलेला घामही नीट वाळत नाही.

आणि इथेच ‘औषध बदलत नाही’ या विधानाचा अपुरेपणा दिसतो. लघवीच्या घाईसाठी दिलेलं ऑक्सिब्युटिनिन घाम आणखी कमी करतं. स्नायूंच्या ताठरपणासाठी दिलेलं टिझॅनिडिन रक्तदाब उतरवतं. फिंगोलिमोड या एमएसवरच्याच औषधाच्या पहिल्या मात्रेनंतर नाडी मंदावते, म्हणून सहा तास लक्ष ठेवावं लागतं. लघवी तुंबत असताना नुसत्या घाईवरची गोळी दिली तर तुंबणं वाढतं. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत मूत्राशयात किती उरली, हे पाहिलं की ते टळतं. रक्तदाब उतरतो हे कळलं, तर आधी गोळ्यांची यादी तपासायची. मग पुरेसं पाणी, हृदयाचा किंवा उच्च रक्तदाबाचा त्रास नसेल तर थोडं जास्त मीठ, पायांना घट्ट मोजे, खाटेची डोक्याकडची बाजू उंच, आणि लागलंच तर रक्तदाब वाढवणारं मिडोड्रिन. मूळ आजारावरचं औषध तेच राहिलं, तरी त्या बाईला किती वेळ उभं राहता येईल हे यावर ठरतं.