सणाच्या पानातील मासळी

धुळवडीच्या पानात मासळी नसेल, तर कोकणातील आपल्या घरी सण अपुराच वाटतो. परंतु आजची लालभडक, तळीव मासळी हीच जुनी रीत समजणे ही भूल होय. मिरची मूळची अमेरिकेतील. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतल्यानंतर ती इकडे रुळली. बाराव्या शतकात चालुक्यनृप सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यपाकाचे वर्णन आहे, त्या काळी तिखटपणा मिऱ्यांचा. आमच्या मातोश्री बांगड्यास ओला नारळ, तिरफळे, आमसुले व बेताची मिरची घालून मंदाग्नीवर कालवण करीत, तेल नाममात्र. साठीनंतर डॉक्टरांनी आम्हांस तळण वर्ज्य केले, तेव्हा घरात ते कालवण कोणासच येईना. ज्ञातिभगिनींनी ते लेकीसुनांस वेळीच शिकवावे, एवढीच विनंती.