ट्रायकोग्रामा : जातींची ओळख

हायमेनॉप्टेरा गणाच्या ट्रायकोग्रामाटिडी कुलातील प्रजाती. वेस्टवुड यांनी 1833 मध्ये तिला नाव दिले. जगभरात तिच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. कीटक गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला, पण लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. मादी पतंगांच्या अंड्यात आपले अंडे घालते. आतली अळी ते अंडे पोखरून खाते आणि पुढे अंडे काळे पडते. शेतकऱ्यांच्या ओळखीचा ट्रायकोकार्ड म्हणजे कॉर्सिरा पतंगाची अशी अंडी चिकटवलेला कागद. उसाच्या कांडीकिडीसाठी ट्रा. चिलोनिस, तर भाताच्या खोडकिडीसाठी ट्रा. जपोनिकम वापरतात.

कुल ओळखणे अवघड नाही. पायाच्या तळव्याला तीनच पेरे असतात. युलोफिडी कुलात चार. प्रजातीची खूण पुढच्या पंखावर, केसांच्या ओळींत दिसते. जवळच्या ट्रायकोग्रामाटॉयडिया प्रजातीत त्यांतली एक ओळ नसते. नराची शृंगिकाही वेगळी : ट्रायकोग्रामात तिचा शेवटचा भाग सलग आणि लांब केसांचा, तर ट्रायकोग्रामाटॉयडियात पेरापेरांचा.

खरी कसोटी जातींची. रंगावर विसंबू नये : थंडीत वाढलेली पिढी काळपट, उन्हाळ्यातली पिवळी. आकारही फसवतो, कारण मोठ्या अंड्यातून मोठा कीटक निघतो. माद्यांवरून तर खात्रीने काहीच सांगता येत नाही. त्यामुळे भारतातल्या जातींना अनेक वर्षे ट्रा. इव्हॅनेसेन्स, ट्रा. मिनुटम, ट्रा. ऑस्ट्रॅलिकम अशी परदेशी नावे चिकटत राहिली. बंगळूरच्या जैविक नियंत्रण केंद्रातील सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी नराच्या जननेंद्रियांची रचना हीच भरवशाची खूण असल्याचे 1971 मध्ये दाखवले. या क्षेत्रातले हे सर्वांत मोलाचे काम म्हणावे लागेल. भारतात ऑस्ट्रॅलिकम म्हणून वाढवली जाणारी जात प्रत्यक्षात चिलोनिस निघाली.

पाहणी अशी करतात : नर दाहक पोटॅशच्या द्रावणात ठेवून पारदर्शक करायचा, काचपट्टीवर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियाच्या पाठीकडील पत्रा न्याहाळायचा. चिलोनिसमध्ये तो त्रिकोणी असून दोन्ही बाजूंना ठळक पाळ्या असतात. हात थरथरला तर नमुना गेलाच.

काही वाणांत नर जन्मतच नाहीत. व्होल्बाकिया जीवाणूमुळे माद्याच माद्यांना जन्म देतात, आणि मग डीएनएचा आयटीएस-2 हा तुकडा वाचावा लागतो. अमेरिकेतील मिनुटम आणि प्लाटनेरी या जातींचे नरही हुबेहूब सारखे. प्लाटनेरीचे वर्णन नागरकट्टी यांनीच 1975 मध्ये केले. या दोन जाती वेगळ्या ठरल्या त्या संकर घडवून पाहिल्यावर, कारण त्यांच्या मीलनातून संकरित माद्या निपजत नाहीत.