परत आलेल्या मेलची गोष्ट

जाहिरातीच्या मेल घाऊक पाठवणाऱ्यांच्या रिपोर्टमध्ये 'बाउन्स' नावाचा एक रकाना असतो. तो आकडा लहान असला की सगळे खूश. पण माझ्या मते खरा फसवा रकाना त्याच्या शेजारचा, 'डिलिव्हर्ड'. का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

जाहिरातीची पहिली घाऊक मेल म्हणून जी ओळखली जाते ती ३ मे १९७८ ची. डीईसी कंपनीच्या गॅरी थर्क यांनी नव्या कॉम्प्युटर्सच्या प्रात्यक्षिकाचं निमंत्रण अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना धाडलं. गंमत म्हणजे पत्ते इतके झाले की पत्त्याच्या जागेत मावेनात, उरलेले खाली मजकुरात सांडले. त्या लोकांना मेल गेलीच नाही! म्हणजे मार्केटिंग आणि न पोचलेली मेल ही जुळी भावंडंच म्हणायची.

पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे नियम लिहिले, आरएफसी ८२१. समोरचा सर्व्हर तीन आकडी उत्तर देतो. सुरुवात २ ने झाली तर मेल घेतली. ४ म्हणजे आत्ता नाही, नंतर या. ५ म्हणजे नाही म्हणजे नाही. (सॉफ्ट बाउन्स, हार्ड बाउन्स हे शब्द याच ४ आणि ५ चे.) पण यातली खरी मोठी गोष्ट वेगळीच आहे. सर्व्हरने एकदा २५० म्हटलं की जबाबदारी त्याची. मेल पोचवा, नाहीतर पाठवणाऱ्याला तसं कळवा. आणि हे कळवणारं पत्रच पोचलं नाही तर? त्यावर परतीचा पत्ता रिकामा ठेवायचा, म्हणजे दोन सर्व्हर जन्मभर एकमेकांना पत्रं परत करत बसणार नाहीत. साधी पण भन्नाट युक्ती.

अडचण एकच, प्रत्येक सर्व्हरची 'परत आली'ची चिठ्ठी आपापल्या तऱ्हेची. हजारांतला कुठला पत्ता चुकला ते प्रोग्रामला कळेना. १९९७ मध्ये डॅन बर्नस्टाइन यांनी यावर व्हर्प सुचवलं. लग्नाच्या प्रत्येक पत्रिकेवर परतीचा वेगळा पत्ता छापला तर? ज्या पत्त्यावर परत आली, त्यावरूनच पाहुणा कळतो.

मग स्पॅमवाल्यांनी खेळ बिघडवला. ते परतीचा पत्ता खोटा घालत, आणि ज्यांनी काही पाठवलंच नव्हतं त्यांच्यावर बाउन्सचे ढीग कोसळत. त्यामुळे सर्व्हर दारातच नकार देऊ लागले, किंवा 'हो' म्हणून मेल गुपचूप स्पॅममध्ये टाकू लागले. २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी ग्रेलिस्टिंग मांडलं, म्हणजे अनोळखी सर्व्हरला मुद्दाम ४ सांगायचं. खरा असेल तर परत येईल! झालं, आता ४ सुद्धा सरळ राहिला नाही. ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३२१ ने मेल न सांगता टाकून द्यायला, अगदी खात्री असेल तरच, पण वाट ठेवली.

तेव्हा 'डिलिव्हर्ड' म्हणजे समोरचा सर्व्हर २५० म्हणाला, एवढंच. इनबॉक्स की स्पॅम, ते तो सांगत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सक्तीचं केलं, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितल्या. जुनी, मेलेली यादी वापरून डोमेनचं नाव घालवलं तर त्याच डोमेनवरून जाणारं नोकरीचं ऑफर लेटरही स्पॅममध्ये जाऊन पडू शकतं. आणि त्याची चिठ्ठी कोणालाच येत नाही.